ख्रिस्ती श्रद्धेतील सत्यनिष्ठा



या वसंत व्याख्यानमालेसाठी मी हा विषय कळवला, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी मला मोकळेपणाने विचारले की, दरेकशासारख्या डोंगरातल्या गावी हा विषय कशाला? येथे कचारगड आहे, हाजराफॉल आहे, माघी पौर्णिमेची गोंड बांधवांची एवढी मोठी यात्रा आहे, त्यांवर बोलावे. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र आपल्या स्टेशनातच आहे. गोंदियाहून निघालेली गाडी आमगाव, सालेकसा करीत येथे येते आणि डोंगर ओलांडून पलीकडे डोंगरगड, राजनांदगावकडे उतरते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघालेला एक तिशीतला मराठी कवी याच मार्गाने गेला. डब्यात त्याच्यासमोर एक गोरा गृहस्थ बसला होता. दोघांचे बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले आणि धर्मावर आले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने कवीच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि सांगितले की, हे मन लावून वाचाल तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. कवीला ते भाकीत हास्यास्पद वाटले. तथापि सभ्यपणाने त्याने पुस्तक वाचण्याचे कबूल केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्याने बाप्तिस्मा घेतला. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. (आडनावामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो म्हणून सांगतो, लोकमान्यांचा आणि यांचा गोंधळ करू नये.)

मी ख्रिस्ती उपदेशक नव्हे, आणि भाकीत खरे झाले म्हणून चमत्कार सांगायलाही आलो नाही. मला त्या दोन वर्षांचे कुतूहल आहे. माणूस एखादा ग्रंथ खरा म्हणून स्वीकारतो, म्हणजे नेमके काय करतो? आणि खरा म्हणून स्वीकारल्यावर तो वाचायचा कसा?

टिळक कोऱ्या मनाने त्या पुस्तकाकडे गेले नव्हते. कोकणात करजगावी १८६१ साली त्यांचा जन्म झाला. नाशिकास संस्कृत शिकले. नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषि' नावाचे धर्मविषयक मासिक चालवले. वाद घालण्यात ते तरबेज होते. सर्व धर्मग्रंथ माणसांनी लिहिलेले आहेत, देवाचा स्वतःचा ग्रंथ म्हणजे हे जग, अशा विचारावर ते तोपर्यंत येऊन पोहोचले होते. अशा मनुष्याला 'हा ग्रंथ देवाचा आहे, म्हणून खरा मान' असे सांगून काही उपयोग नव्हता. त्यांनी पेन्सिल घेतली, आणि महत्त्वाच्या वाटतील त्या वाक्यांवर खुणा करीत पहिल्या पानापासून वाचावयास आरंभ केला. वंशावळी आली, जन्मकथा आली, ते पुढे गेले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनापाशी, ते थबकले. तेथून त्यांना पुढे जाववेना.

त्या प्रवचनात तत्त्वज्ञान फारसे नाही. देव एक की अनेक, जीव आणि ब्रह्म यांचा संबंध काय, याची चर्चा नाही. तेथे एक लहानसा उतारा शपथेविषयी आहे. आकाशाची शपथ वाहू नका, पृथ्वीची वाहू नका, स्वतःच्या डोक्याचीही वाहू नका. तुमचे होय हे होय असावे आणि नाही हे नाही असावे, असा त्याचा आशय. आपण शपथ केव्हा घेतो? एरवीच्या बोलण्यावर लोकांचा भरवसा नसतो तेव्हा. कोर्टात घेतलेली शपथ म्हणजे कोर्टाबाहेर बोललेल्या खोट्याची एक प्रकारे कबुलीच होय! येशूने शपथेचीच गरज काढून टाकली. सत्याचा प्रश्न त्याने पंडितांच्या सभेतून उचलला आणि बाजारात, घरात, नवराबायकोच्या बोलण्यात आणून ठेवला. टिळकांसारख्या वादपटूला याच ठिकाणी धक्का बसला असावा असे मला वाटते. वादाच्या सवालाला वादाने उत्तर देता येते. 'तुझे होय हे होय आहे काय?' या सवालाला वादाने उत्तर देता येत नाही.

येथे एका शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. आपला 'सत्य' शब्द 'सत्' पासून आला. जे आहे ते सत्य. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यात सत्याला 'अलेथेइया' म्हणतात. त्याची फोड जुन्या काळापासून 'जे झाकलेले नाही ते' अशी करीत आले आहेत. आणि जुन्या कराराच्या हिब्रू भाषेत शब्द आहे 'एमेत'. त्याचा धातू टिकण्याचा, भार सोसण्याचा आहे. ज्यावर टेकले असता ते कोसळत नाही, ते एमेत. ख्रिस्ती माणूस प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन' म्हणतो तो याच धातूपासून निघालेला शब्द. म्हणजे हिब्रू मनाला सत्य हे आधी विधानाचे लक्षण नाही, माणसाचे लक्षण आहे. दिलेला शब्द पाळणारा माणूस खरा, हा अर्थ आपल्या बोलीतही आहेच. 'तो माणूस खरा आहे' असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या तर्कशास्त्राविषयी बोलत नसतो. योहानाच्या शुभवर्तमानात रोमी सुभेदार पिलात येशूला विचारतो की, सत्य म्हणजे काय? आणि उत्तराची वाट न पाहता उठून बाहेर जातो. त्याला व्याख्या हवी होती, तीही घाईत. पुढ्यात उभ्या असलेल्या निरपराध माणसाला सोडावे की मारावे, हा सत्याचा खरा प्रश्न त्याच्यापुढे होता, आणि तो त्याने टाळला.

आता टिळकांकडे परत येऊ. पुस्तकातले सत्य पटले, पुढे काय? कित्येक महिने ते मनात ठेवून होते, ख्रिस्ती मंडळींशी पत्राने शंकासमाधान करीत होते. यात मला दोष दिसत नाही. पिकण्यापूर्वी फळ तोडू नये. दोष दिसतो तो दुसरीकडे, आणि त्याविषयी बोलल्याखेरीज आजचा विषय पुरा होणार नाही. १८८० साली त्यांचे लग्न झाले होते. पत्नी लक्ष्मीबाई कडक सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या. पदरी लहान मुलगा दत्तू. बाप्तिस्मा झाला तेव्हा त्या टिळकांजवळ नव्हत्या. बातमी त्यांच्यापर्यंत नंतर पोहोचली. पुढची चार-पाच वर्षे ताटातूट झाली. नातेवाइकांच्या घरी, लोकांच्या कुजबुजीत, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशा स्थितीत त्या बाईने दिवस काढले. टिळकांनी आपल्या अंतःकरणातल्या सत्याशी इमान राखले, हे त्यांचे चरित्रकार गौरवाने सांगतात आणि ते खरेही आहे. पण एका माणसाच्या सत्यनिष्ठेची किंमत दुसऱ्या माणसाने न विचारता चुकती केली, हेही तितकेच खरे आहे. जी गोष्ट देवापुढे उघड केली ती बायकोपुढे आधी उघड करता आली नसती काय? तेव्हाचा समाज पाहता आधी सांगितले असते तर बाप्तिस्मा झालाच नसता, असे कोणी म्हणेल. असेलही. तरी 'झाकलेले नाही ते सत्य' या ग्रीक कसोटीला ही गोष्ट उतरत नाही असे माझे मत आहे.

हे मत मांडण्याचे साधन मला कोणी दिले? खुद्द लक्ष्मीबाईंनी! त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. आपणांपैकी पुष्कळांनी ती वाचली असतील. नसतील तर वाचनालयातून आणून अवश्य वाचावी. नवऱ्यावरची भक्ती आणि नवऱ्यावरचा राग ही दोन्ही त्या एकाच पानावर लिहून जातात. त्या पुढे ख्रिस्ती झाल्या, पण ख्रिस्ती झालेल्या बाईने आपले पूर्वायुष्य काळेकुट्ट रंगवावे अशी जी एक वहिवाट होती, ती त्यांनी पाळली नाही. टिळकांकडे परत आल्यावर प्रथम त्यांनी आपली चूल आणि पाणी वेगळे ठेवले. मग एके दिवशी त्यांच्याच मनात प्रश्न उठला: पशूंच्या जाती देवाने केल्या, त्या डोळ्यांना दिसतात, माणसांच्या जाती देवाने केल्या असत्या तर त्याही तशाच दिसल्या नसत्या काय? नवऱ्याने कित्येक दिवस समजावले त्याने जे झाले नाही, ते या साध्या प्रश्नाने झाले. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे त्यांनी त्या दिवशी ठरवले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे सत्य त्यांनी उसने घेतले नाही, स्वतःचे स्वतः शोधले.

उसने सत्य घ्यायचे की नाही, हा झगडा टिळकांच्या दहा वर्षे आधी दुसऱ्या एका मराठी बाईने परदेशात दिला होता. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला मुलगी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मठातल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. त्यांची समजूत अशी की, आता ही विदुषी चर्च शिकवील ते नम्रपणे मान्य करील. रमाबाईंनी मान्य केले नाही. त्रैक्याचा सिद्धांत, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हा ज्या शब्दांत मतांगीकारात घातला आहे ते शब्द मला बायबलात दाखवा, असे त्या म्हणू लागल्या. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजातून त्यांनी लिहिलेली पत्रे आज छापील उपलब्ध आहेत. त्यांत एक मुद्दा त्या पुन्हा पुन्हा मांडतात. हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मान मोकळी करण्यासाठी मी एवढे सोसले. आता पाद्री सांगतील ते देवाची आज्ञा म्हणून स्वीकारायचे, तर ते दुसरे जोखड झाले. क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत असे मठाचे म्हणणे पडले, तेव्हा त्यांनी संस्कृत मागितले. लॅटिनमध्ये असे काय आहे की जे संस्कृतात नाही? सिस्टर जेराल्डिनना यात गर्व दिसला. गर्व नव्हताच असे मी म्हणत नाही. पण गर्विष्ठ माणसाचाही प्रश्न खरा असू शकतो.

आणि प्रश्न खरा होताच. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातल्या तीन साक्षीदारांविषयी एक वाक्य जुन्या छापील बायबलांत असे. त्रैक्याचा सर्वांत उघड आधार म्हणून ते दाखवीत. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक नवा करार छापला, तेव्हा त्याला ते वाक्य ग्रीक हस्तलिखितांत आढळले नाही, म्हणून त्याने घातले नाही. ओरड झाली. १५२२ च्या आवृत्तीत त्याने ते घातले. तेथून ते १६११ च्या इंग्रजी बायबलात आले आणि पावणेतीनशे वर्षे राहिले. १८८१ साली इंग्लंडातल्याच धर्मपंडितांनी नवा करार तपासून पुन्हा छापला आणि ते वाक्य निमूटपणे वगळले. कारण जुन्या प्रतींत ते नव्हते. त्या पंडितांची त्रैक्यावर श्रद्धा होती. आपल्या श्रद्धेच्या सोयीचे वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने काढले. रमाबाईंच्या वादाशी याचा थेट धागा मी जोडीत नाही. पण त्या इंग्लंडला पोहोचल्या त्याच्या दोनच वर्षे आधीची ही गोष्ट आहे. धर्मग्रंथाची चिकित्सा म्हटली की आपल्याकडे पुष्कळांना ती निंदा वाटते. या पंडितांची चिकित्सा ही त्यांची उपासना होती.

याच्या उलट प्रकारही भरपूर चालतो. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, असे येशू म्हणतो. ऐकणाऱ्यांत श्रीमंत असतातच, आणि उपदेशकाला मंडळीच्या छपरासाठी वर्गणीही हवी असते! म्हणून एक अर्थ प्रचारात आला. यरुशलेमच्या तटाला 'सुईचे नाके' नावाचा एक छोटा दरवाजा होता, त्यातून उंट ओझे उतरून गुडघ्यांवर बसून जाई. श्रीमंतानेही तसे थोडे वाकावे म्हणजे झाले. हा अर्थ मध्ययुगातल्या भाष्यकारांपासून चालत आला. येशूच्या काळी असा दरवाजा असल्याचा काही पुरावा नाही. दुसरे कोणी म्हणाले की ग्रीकमध्ये 'उंट' आणि 'दोरखंड' या शब्दांत एका अक्षराचाच फरक आहे, तेव्हा मूळ शब्द दोरखंड असावा. दोरखंड तरी सुईतून कोठे जातो? शिवाय पुढचे वाक्य वाचले म्हणजे सगळी लबाडी उघडी पडते. हे ऐकून शिष्य थक्क झाले आणि मग तारण होणार तरी कोणाचे, असे विचारू लागले. दरवाजा वाकून जाण्यासारखा असता तर थक्क होण्याचे कारण काय? येशूचे उत्तरही 'वाका' असे नाही. माणसाला हे अशक्य, देवाला शक्य, असे आहे. वाक्य बोचते म्हणून त्याची धार बोथट करणे हा ग्रंथाशी खोटेपणा होय. हा दोष एकट्या ख्रिस्ती उपदेशकांचा नाही. कीर्तनात, प्रवचनात, तुकोबांच्या अभंगांच्याही बाबतीत आपण हेच करीत आलो आहोत.

भाषांतराचा प्रश्नही सत्याचाच आहे, आणि तो आपल्याला येथे चांगला समजेल. या गावात गोंडी, छत्तीसगढी, हिंदी, मराठी एकाच बाजारात ऐकू येतात. एकाच्या तोंडचे दुसऱ्याच्या कानी घालताना किती सांडते हे आपण रोज पाहता. १८०५ साली बंगालात श्रीरामपूरला विल्यम केरीने मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले. त्याला मदत करणारे पंडित वैजनाथ. त्यांच्या मराठीला नागपूरकडचे वळण होते, म्हणून मुंबईकडे ती भाषा लोकांना परकी वाटली अशी तक्रार झाली. नंतर मुंबईला मिशनऱ्यांनी नवी भाषांतरे केली, आणि १८४७ साली संपूर्ण बायबल मराठीत आले. रमाबाईंना तेही पुरे वाटेना. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली केडगावच्या मुक्तिसदनात होत्या. त्यांतल्या पुष्कळ १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणलेल्या. त्या वेळी आपला हा मुलूखही मध्यप्रांतातच होता. त्या मुलींना छापील बायबलातली संस्कृतप्रचुर मराठी कळेना. न कळणारे वाक्य खरे असले तरी त्या मुलीच्या दृष्टीने ते काहीच सांगत नाही. रमाबाई संस्कृत पंडिता. जड शब्द त्यांच्या जिभेवर नाचत असतील. तरी त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि सोप्या मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर करण्यास बसल्या. खिळे जुळवणे, छापणे, बांधणे सारे त्यांच्याच मुलींनी केले. १९२१ साली मनोरमा वारली. काम थांबले नाही. शेवटची प्रुफे तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. काम पुरे होण्यापुरते दिवस त्यांनी देवाकडे मागून घेतले होते, असे सांगतात.

रमाबाईंनाही मी दोषमुक्त करीत नाही. शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, या बोलीवर त्यांनी हिंदू पुढाऱ्यांचे साहाय्य घेतले होते. १८९१ नंतर त्यांच्या श्रद्धेला नवी धग आली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी त्यांची कबुली आहे. त्या दार उघडे ठेवून प्रार्थना करीत, आणि मुली येऊन बसत. मी बोलावले नाही, पण हाकलणारही नाही, असा त्यांचा पक्ष. १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले. टिळक याच वर्षी आपल्या येथून गाडीने गेले, हा योगायोग. उघडे दार प्रामाणिक होते की चतुर? मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. झाकून काही केले नाही, हे त्यांच्या बाजूने. पण दिलेल्या शब्दावर ज्यांनी भार टाकला होता त्यांना तो डळमळल्यासारखा वाटला, हेही नाकारता येत नाही. ग्रीक कसोटीला उतरलेली गोष्ट हिब्रू कसोटीला अडखळते, ती अशी.

टिळकांचे पुढचे आयुष्य आपणांस ठाऊक असेल. ते नगरला शिकवू लागले. 'ज्ञानोदया'चे संपादन केले. शेकडो भजने आणि अभंग लिहिले. आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या पुलावरून आलो, असे ते सांगत. नवीन गावाला पोहोचल्यावर मागचा पूल जाळणारे बरेच असतात. यांनी तो शेवटपर्यंत डागडुजी करून ठेवला. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला. पगारी उपदेशकाचे बोलणे लोक पोटासाठीचे समजतात, आणि तसे समजण्यात त्यांची चूक नाही, हे त्यांनी ओळखले होते. साताऱ्यास राहून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला; बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही तेथे जागा होती. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते वारले. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले होते. अध्याय थोडेच झाले होते, कथा तर मोठी. ते पुरे करावयास बसल्या लक्ष्मीबाई. ज्यांना लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हते, आणि ज्यांना त्या बाप्तिस्म्याची बातमी सर्वांत शेवटी कळली होती. साठांहून अधिक अध्याय त्यांनी लिहिले.